परसदारीचे परदेशी पाहुणे

अहिल्यानगर, प्रतिनिधी

दिवाळी सरते, पहाटेच्या हवेत गारवा येतो आणि सावेडी, केडगाव, भिंगार अशा नगरच्या वस्त्यांमधील अंगणांत एक ओळखीचा पाहुणा शेपटी नाचवत उतरतो. पोटाखाली पिवळसर झाक, वर करडा रंग आणि क्षणभरही स्थिर न राहणारी लांब शेपटी. मराठी माणसाने त्याला 'धोबी' हे नाव दिले, ते नदीकाठच्या दगडांवर आपटणाऱ्या धुण्याची आठवण करून देणाऱ्या या शेपटीमुळेच. हा करडा धोबी वास्तविक हिमालयाच्या आणि त्यापलीकडच्या आशियाई डोंगररांगांतील रहिवासी. दरवर्षी हजारो किलोमीटर उडून तो येथे येतो आणि उन्हाळ्याची चाहूल लागताच परततो.

पक्ष्यांसाठी अंगणात, गच्चीत किंवा खिडकीशी दाण्याचे भांडे ठेवण्याची आवड अलीकडे शहरांतून वाढली आहे. बाजारात पक्ष्यांचे तयार फीडर मिळू लागले आहेत. मात्र असे भांडे टांगून हिवाळी पाहुण्यांची वाट पाहणाऱ्यांच्या पदरी बहुधा निराशा येते. भांड्यावर चिमण्या येतात, होले येतात, कबुतरे तर थव्याने येतात. पण ज्यांच्यासाठी हा खटाटोप मांडला ते दूरदेशीचे पक्षी दाण्याकडे ढुंकूनही पाहत नाहीत. असे का व्हावे, आणि त्यांना अंगणात थांबवायचे असेल तर नेमके काय करावे, हे समजून घेण्यासाठी या पाहुण्यांची खाद्यसंस्कृती आधी समजून घ्यायला हवी.

कोण येतात, काय खातात?

नगर जिल्ह्यातील स्थलांतरित पक्षी म्हटले की डोळ्यांसमोर जायकवाडीचा जलाशय येतो. पैठण येथील धरणाचा नाथसागर शेवगाव आणि नेवासे तालुक्यांपर्यंत पसरला असून, १९८६ मध्ये पक्षी अभयारण्य म्हणून घोषित झालेल्या या क्षेत्राचा काही भाग नगर जिल्ह्यात मोडतो. दक्षिणेकडे कर्जत तालुक्यात सिद्धटेकच्या परिसरात उजनीचे पाणलोट आहे. रोहित, चक्रवाक, पट्टकादंब, नाना जातींची बदके असे मोठे पाहुणे तेथे उतरतात आणि त्यांना पाहण्यासाठी दुर्बिणी घेऊन पर्यटकही जातात. परंतु त्यांच्याच बरोबरीने, कोणताही गाजावाजा न करता, मूठभर आकाराचे कितीतरी पक्षी थेट आपल्या घरांच्या आवारात मुक्कामाला येत असतात.

करड्या धोब्याप्रमाणे पांढरा धोबीही येतो. जुन्या भिंती, पडके वाडे आणि घरांची आवारे पसंत करणारा थिरथिरा येतो. काळ्या-तांबूस रंगाचा हा पक्षी शेपटी सतत थरथरवतो. डेरेदार झाडांच्या सावलीत लाल छातीची माशीमार दिसते. वजन जेमतेम दहा ग्रॅम. पण तिचे मूळ घर पूर्व युरोप आणि पश्चिम रशियाच्या जंगलांत. आंबा, चिंच, कडुनिंबाच्या पानोळ्यांतून वटवट्यांच्या विविध जाती दिवसभर हिंडतात. त्या सहसा दिसत नाहीत, त्यांचा आवाज मात्र ऐकू येतो. पाटाच्या कडेला, ओलसर झुडपांत, गळ्यावर निळा-तांबडा पट्टा मिरवणारा शंकर दिसला तर तो दिवस सार्थकी लागला असे पक्षिनिरीक्षक मानतात.

या यादीतील एकही पक्षी मुख्यत्वे दाणे खाणारा नाही, हे येथे ध्यानात घ्यावे. हे सारे किडे, माश्या, अळ्या, कोळी यांवर गुजराण करतात. त्यांच्या चोची बारीक, टोकदार, चिमट्यासारख्या असतात. दाण्याचे टरफल फोडायला चिमणीसारखी जाड, शंकूच्या आकाराची चोच लागते. म्हणजे आपण ज्वारी-बाजरीचे ताट वाढून ठेवले, तरी पाहुण्याला ते खाताच येत नाही.

हे पक्षी आपल्याकडे येतात तेच मुळी किड्यांसाठी. उत्तरेकडील प्रदेशांत हिवाळ्यात जमीन गोठते, दिवस आखूड होतात आणि कीटक नाहीसे होतात. केवळ थंडीमुळे पक्षी पळतात हा समज अर्धाच खरा आहे. पिसांच्या आवरणामुळे बरेच पक्षी थंडी सोसू शकतात, भूक मात्र सोसू शकत नाहीत. दिवसाची लांबी कमी होऊ लागली की त्यांच्या शरीरात संप्रेरकांचे बदल घडतात, भूक वाढते, कातडीखाली चरबी साठते आणि प्रवासाची अस्वस्थता सुरू होते. लहान पक्ष्यांपैकी बहुतेक रात्री उडतात. तारे, मावळतीचा प्रकाश आणि पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र यांच्या आधारे ते दिशा राखतात. पायात क्रमांकित वाळे घालून केलेल्या अभ्यासांतून असेही दिसले आहे की, अनेक पक्षी दरवर्षी त्याच त्या ठिकाणी हिवाळा काढतात. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने डॉ. सालिम अली यांच्या नेतृत्वाखाली १९५९ पासून पक्षी-वलयांकनाचा मोठा प्रकल्प राबविला आणि भारतातील स्थलांतराविषयीचे बरेच ज्ञान त्यातून हाती आले. म्हणूनच यंदा अंगणात आलेला धोबी गतवर्षीचाच असण्याची शक्यता पुष्कळ असते.

कणसांचे तोरण आणि किल्ल्यातील चिमण्या

पक्ष्यांना घास देण्याची रीत आपल्याकडे परदेशातून आलेली नाही. खळ्यावरून आलेली ज्वारी-बाजरीची कणसे एकत्र बांधून घराच्या आढ्याला किंवा पडवीत टांगण्याची प्रथा महाराष्ट्राच्या खेड्यांतून जुनी आहे. पाखरांचा वाटा काढून ठेवल्याखेरीज सुगी पुरी होत नाही, अशी त्यामागची भावना. आजचा फीडर हा या तोरणाचाच शहरी अवतार म्हणावा लागेल.

पक्ष्यांना दाणे घालून त्यांचे बारकाईने निरीक्षण केल्याचे एक संस्मरणीय उदाहरण तर याच शहरात घडले आहे. 'छोडो भारत' आंदोलनानंतर ऑगस्ट १९४२ मध्ये काँग्रेसच्या नेत्यांना नगरच्या भुईकोट किल्ल्यात स्थानबद्ध करण्यात आले. पंडित नेहरूंनी येथे 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' लिहिले, हे सर्वश्रुत आहे. त्यांचे सहबंदी मौलाना अबुल कलाम आझाद यांनी येथे लिहिलेली पत्रे १९४६ मध्ये 'गुबार-ए-खातिर' या नावाने प्रसिद्ध झाली. त्यांत कोठडीत घरटी करणाऱ्या चिमण्यांचा दीर्घ आणि विनोदी वृत्तान्त आहे. आधी मौलानांनी चिमण्यांशी युद्ध पुकारले, हार पत्करली, आणि मग तांदळाचे दाणे टाकून मैत्रीचा हात पुढे केला. दाणे दिवसागणिक आपल्या जवळ आणत त्यांनी अखेर चिमण्यांना तळहातावर खायला शिकविले. प्रत्येकीचा स्वभाव ओळखून त्यांना नावेही दिली. घाई न करता, रोज ठरल्या वेळी, थोडे थोडे अंतर कमी करत जाणे ही त्यांची पद्धत आजच्या पक्षिप्रेमींनाही मार्गदर्शक ठरावी.

पाश्चात्त्यांचा अनुभव

युरोप-अमेरिकेत अंगणातील दाणापात्रे हा घरोघरीचा छंद आहे. ब्रिटनमध्ये १९७९ पासून दर जानेवारीत बागेतील पक्ष्यांची गणना होते. अमेरिकेत आणि कॅनडात १९८७ पासून हिवाळाभर दाणापात्रांवरील पक्ष्यांची नोंद ठेवली जाते. बर्फाने सारे झाकले जाते अशा प्रदेशात अंगणातला मूठभर दाणा हा पक्ष्याच्या जगण्या-मरण्याचा प्रश्न ठरू शकतो. तेथे राहणाऱ्या पक्ष्यांतही दाणे खाणाऱ्या जाती बऱ्याच आहेत. त्यामुळे तेथील पद्धत तेथे शोभते.

या छंदाने स्थलांतराची वाट बदलल्याचेही उदाहरण आहे. मध्य युरोपातील काळ्या टोपीचा वटवट्या पूर्वी हिवाळ्यात नैर्ऋत्येकडे स्पेनच्या बाजूला जात असे. गेल्या काही दशकांत त्यातील बरेच पक्षी वायव्येला ब्रिटनकडे वळू लागले. सौम्य होत चाललेले हिवाळे आणि बागांतील आयते अन्न ही त्याची कारणे मानली जातात. मात्र या नाण्याची दुसरी बाजूही आहे. २००५ नंतर ब्रिटनमध्ये ग्रीनफिंच या पक्ष्यात घशाचा एक परजीवी रोग पसरला आणि त्याची संख्या झपाट्याने घसरली. एकाच भांड्यावर गर्दी करून खाणे आणि भांडी स्वच्छ न ठेवणे यामुळे असा रोग फोफावतो. म्हणजे दाणापात्र टांगणे हे पुण्यकर्म असले, तरी ते धुणे हा त्या पुण्याचाच अविभाज्य भाग होय.

आपल्या देशात स्थलांतरित पक्ष्यांना गावाने मिळून दाणे घालण्याचे सर्वांत मोठे उदाहरण राजस्थानात फलोदीजवळच्या खिचन गावी आहे. तेथे कुरजा, म्हणजे आपल्याकडचा कांड्या करकोचा, हजारोंच्या संख्येने उतरतो. ग्रामस्थ आणि जैन समाजातील दाते यांनी त्यांच्यासाठी खास चुग्गाघर उभारले असून, तेथे रोज पोत्यांनी ज्वारी टाकली जाते. २०२५ मध्ये खिचनला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. करकोचा दाणे खातो, म्हणून ही व्यवस्था यशस्वी झाली. पाहुण्याची आवड ओळखून केलेला पाहुणचारच त्याला रुचतो, हेच यातून दिसते.

भोरडीचे ताट: ज्वारीचे रान

नगर जिल्ह्यातही दाणे खाणारे काही स्थलांतरित येतात. त्यांतील सर्वांत परिचित पक्षी म्हणजे भोरडी, अर्थात गुलाबी मैना किंवा पळस मैना. काळे डोके, काळे पंख आणि गुलाबी अंग असलेली ही मैना पूर्व युरोपपासून मध्य आशियापर्यंतच्या गवताळ प्रदेशांत वीण करते आणि हिवाळाभर भारतात राहते. सायंकाळी वसतिस्थानाकडे परतताना भोरड्यांचे प्रचंड थवे आकाशात ढगासारखे आकार बदलत फिरतात. काळ्या आणि लाल डोक्याचे भारीटही याच काळात पिकांवर येतात. काळ्या डोक्याच्या भारिटाचा प्रवास आग्नेय युरोप आणि पश्चिम आशियातून होतो व त्याचा हिवाळी मुक्काम प्रामुख्याने भारतातच असतो.

या पक्ष्यांचे दाणापात्र म्हणजे कर्जत, जामखेड, पाथर्डी, श्रीगोंदे या तालुक्यांतील रब्बी ज्वारीचे रान. पेरणी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये होते, डिसेंबर-जानेवारीत दाणा दुधावर येऊन हुरडा होतो आणि नेमक्या याच वेळी भोरड्या उतरतात. मग शेतकरी मचाण बांधतो, गोफण फिरवतो, पत्र्याचा डबा बडवतो. शहरातील माणसाला आकाशातील जे दृश्य मोहक वाटते, तेच कोरडवाहू शेतकऱ्याच्या पोटात गोळा आणते. राखण करायला माणूस मिळत नाही, म्हणून ज्वारीच सोडून द्यावी लागते, ही तक्रार गावोगाव ऐकू येते.

आणि तरीही भोरडी केवळ नुकसान करते असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. टोळ आणि नाकतोडे हे तिचे आवडते खाद्य. चीनच्या शिनजियांग प्रांतात टोळांचा बंदोबस्त करण्यासाठी याच पक्ष्याकरिता मुद्दाम दगडांची घरटी उभारण्यात आली. ज्वारीच्या रानातही ती दाण्यांबरोबर अळ्या व किडे टिपते. जानेवारी ते मार्चमध्ये सावर, पांगारा आणि पळस फुलले की ती मधुरसासाठी या झाडांवर धावते. त्या वेळी कपाळाला लागणाऱ्या परागांमुळे परागीभवनाचे कामही आपसूक होते. बांधावरची ही झाडे, तसेच वड, पिंपळ, उंबर टिकून राहिले, तर भोरडीला पिकाखेरीज अन्य अन्नही मिळत राहते. बांध कोरून झाडे तोडली की तिच्यापुढे ज्वारीच उरते.

जिल्ह्याचे पीकचित्रही बदलत आहे. प्रवरानगर येथे १९५० मध्ये आशियातील पहिला सहकारी साखर कारखाना सुरू झाला आणि पाटपाण्याच्या उत्तर भागात ऊस स्थिरावला. जेथे पाणी पोहोचते तेथे ऊस, फळबागा, कांदा येतो आणि ज्वारी मागे सरते. उसात बांधावर बसणाऱ्या अनेक पक्ष्यांना आसरा मिळतो, पण माळरानावरच्या आणि भुसारावर जगणाऱ्या पक्ष्यांना त्याचा उपयोग नाही. देशभरातील पक्षिनिरीक्षकांच्या सुमारे तीन कोटी नोंदींवर आधारित 'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स' हा अहवाल २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. दूरवरून येणारे स्थलांतरित आणि उघड्या माळरानांवरचे पक्षी यांची घट त्यात ठळकपणे नोंदविली आहे. नगर जिल्हा या दोन्ही प्रकारच्या पक्ष्यांचे घर असल्याने हा इशारा आपल्यासाठीच आहे.

अंगण कसे असावे?

मग सामान्य नागरिकाने करावे काय? उत्तर साधे आहे. धान्यापेक्षा पाणी, भांड्यापेक्षा झाड आणि फरशीपेक्षा माती महत्त्वाची.

नगर हा पर्जन्यछायेचा जिल्हा. अकोल्याचा घाटमाथा वगळता बहुतेक तालुक्यांत पाऊस तुटपुंजा. फेब्रुवारीनंतर ओढे, डबकी आटतात. अशा वेळी मातीची पसरट परळ पाण्याने भरून ठेवली, तर दाण्याला न शिवणारे वटवटे, माशीमार, थिरथिरेही पिण्यासाठी आणि अंघोळीसाठी उतरतात. परळ उथळ असावी. पाणी एक-दोन इंचांहून खोल नको. मधोमध एक खडबडीत दगड ठेवावा, म्हणजे लहान पक्ष्याला पाय टेकता येतो. पाणी रोज बदलावे. त्यामुळे पक्ष्यांना रोग होत नाही आणि डासांची पैदासही होत नाही. भांडे झुडपापासून इतके दूर असावे की दबा धरलेल्या मांजराला झेप घेता येऊ नये, आणि झाडाच्या फांदीपासून इतके जवळ असावे की धोका दिसताच पक्ष्याला आसरा गाठता यावा.

कोपऱ्यातील थोडी जमीन मोकळी ठेवावी आणि तेथे गळालेला पालापाचोळा जाळू नये. त्याखालीच किडे असतात आणि त्यांच्यासाठीच धोबी व थिरथिरा येतात. आज आवारात कडेपर्यंत फरशी किंवा सिमेंटचे ठोकळे बसविण्याची पद्धत पडली आहे. आवार स्वच्छ दिसते, पण पाहुण्याचे पान उचलले जाते. बागेत कीटकनाशक फवारले तर तेच घडते. तुती, उंबर, शेवगा, पांगारा, कडुनिंब अशी झाडे जागेनुसार लावावीत.

धान्य ठेवायचेच असेल तर ज्वारी-बाजरीची कणसे टांगावीत. भांड्यातील दाण्यावर कबुतरे कब्जा करतात; लोंबत्या कणसावर मात्र चिमणी, सुगरण, मुनिया यांसारख्या लहान पक्ष्यांना सहज खाता येते. कबुतरांना मोकळ्या हाताने दाणे टाकल्याने किती गुंता होतो, हे २०२५ मध्ये मुंबईतील कबुतरखान्यांचा वाद उच्च न्यायालयात गेला तेव्हा सर्वांनी पाहिले आहे. धान्य थोडे ठेवावे, ओले झालेले व बुरशी आलेले टाकून द्यावे आणि भांडे आठवड्यातून एकदा तरी घासून वाळवावे. फरसाण, शेव, पाव, खारवलेले शेंगदाणे देऊ नयेत. मुंबईच्या किनाऱ्यावर व दिल्लीत यमुनेच्या घाटांवर परदेशी कुरव पक्ष्यांना गाठी-शेव खाऊ घालण्याचे जे प्रकार होतात, ते पक्ष्यांच्या प्रकृतीला घातक आहेत. एखाद्या ठिकाणी एकाच वेळी अनेक पक्षी मृत आढळल्यास त्यांना हात न लावता पशुसंवर्धन विभागाला कळवावे. नवापूर येथे २००६ मध्ये बर्ड फ्लूचा उद्रेक झाल्यापासून ही दक्षता आवश्यक झाली आहे.

आणखी एक धोका नगरकरांच्या स्वतःच्या हातातला आहे. संक्रांतीला शहरात पतंगांचा उत्साह शिगेला पोहोचतो आणि नेमक्या त्याच दिवसांत आकाश पाहुण्या पक्ष्यांनी भरलेले असते. नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये देशभर बंदी घातली आहे. तरी तो चोरून विकला जातो आणि सणानंतर कित्येक आठवडे झाडांवर लटकत राहतो. संक्रांतीनंतरच्या रविवारी गल्लीतील मुलांनी मिळून झाडांवरचा मांजा उतरवला, तर ती पक्ष्यांची मोठी सेवा ठरेल.

नोंदवहीचे मोल

पक्ष्याला पाहण्याचा आनंद तर आहेच. पण पाहिलेले लिहून ठेवले तर त्याचे ज्ञानात रूपांतर होते. अंगणात पहिला धोबी कोणत्या तारखेला आला, शेवटचा थिरथिरा कधी दिसला, भोरड्या कोणत्या झाडावर उतरल्या, एवढ्या नोंदी एका साध्या वहीत ठेवता येतात. अशा नोंदींतून हवामानबदलाचा स्थलांतरावर होणारा परिणाम कळू शकतो. या विचारानेच २००७ मध्ये भारतात 'मायग्रंटवॉच' हा उपक्रम सुरू झाला. सामान्य नागरिकांनी पाहुण्या पक्ष्यांच्या आगमनाच्या तारखा कळवाव्यात, असे त्याचे स्वरूप होते. आता अशा नोंदी 'ई-बर्ड' या संकेतस्थळावर व मोबाइलवरून करता येतात. दरवर्षी फेब्रुवारीच्या मध्याला चार दिवस 'ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट' होतो. अमेरिकेत १९९८ मध्ये सुरू झालेल्या या गणनेत भारत २०१३ पासून सहभागी आहे. घराच्या गच्चीवर पंधरा मिनिटे उभे राहून दिसलेले पक्षी मोजणे एवढेच त्यात अपेक्षित असते.

महाराष्ट्रात ५ ते १२ नोव्हेंबर हा काळ २०२० पासून पक्षी सप्ताह म्हणून साजरा होतो. त्याचा प्रारंभ अरण्यऋषी मारुती चितमपल्ली यांच्या जन्मदिनी आणि समारोप डॉ. सालिम अली यांच्या जयंतीदिनी होतो. चितमपल्ली यांचे जून २०२५ मध्ये सोलापूर येथे निधन झाले. पाखरांना मराठी नावांनी हाक मारायला शिकविणाऱ्या या लेखकाला आदरांजली वाहायची, तर अंगणात येणाऱ्या पाच पक्ष्यांची नावे घरातील मुलांना सांगण्याइतका सोपा मार्ग दुसरा नाही.

मार्च संपत आला की धोबी आणि थिरथिरे निघून जातात. चैत्राच्या उन्हात परळ मात्र रिकामी ठेवू नये. तेव्हा ती चिमण्या, बुलबुल, साळुंक्या या घरच्यांच्या उपयोगी पडते. मृगाच्या आसपास आफ्रिकेकडून आलेला चातकही पावसाच्या आधी गावाच्या शिवारात साद घालू लागतो, आणि ऑगस्ट-सप्टेंबर उलटता उलटता एखाद्या सकाळी पुन्हा तीच शेपटी अंगणात नाचताना दिसते. त्या सकाळी त्याला उतरायला हातभर मोकळी माती आपल्या दारात उरलेली असावी, एवढी काळजी घेणे आपल्या हाती आहे.